दुखण्यातून उठल्यावर

शास्त्रपाठ : १ राजे १९:१-८, मार्क ५:३५-४३, फिलिप्पैकरांस २:२५-३०

मंडळीतील कोणी मोठ्या आजारातून बरे होऊन घरी आले म्हणजे आपण त्यांच्या घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवतो. ही आपली चांगली चाल आहे. पाळकसाहेब येतात, शेजारची कुटुंबे येतात, दोन गीते होतात, आजाऱ्याला चार शब्द बोलायला सांगतात. तो प्रभूने मला बरे केले अशी साक्ष देतो, चहा होतो व सर्व आपापल्या घरी जातात. त्यानंतर काय होते, याविषयी हा पाठ आहे.

त्यानंतर असे होते की, दुसऱ्या दिवशी सकाळी तो मनुष्य न्हाणीघरापर्यंत जातो आणि दाराची चौकट धरून उभा राहतो. पायांत बळ नसते. जिन्याच्या सहा पायऱ्या चढल्या की छाती भरून येते. पंधरा दिवस जातात, महिना जातो. भेटणारे विचारतात, "काय, अजून बरे वाटत नाही का?" प्रश्न मायेने विचारलेला असतो, पण तो मनाला लागतो. सर्वांसमोर तर बरा झालो म्हणून सांगितले, मग ही अशक्तता कशाची? साक्ष खोटी होती की काय? विश्वास कमी पडला की काय? बडोद्यातील मराठी कुटुंबांच्या घरभेटी घेताना हा प्रश्न आम्ही पुष्कळदा ऐकला आहे. तो बहुधा मोठ्याने विचारला जात नाही. पाळकसाहेब उठून गेल्यावर, दारापर्यंत पोचवायला आलेला मनुष्य तो हळूच विचारतो.

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी प्रथम एक भेद समजून घेतला पाहिजे. रोग जाणे ही एक गोष्ट आहे व बळ येणे ही दुसरी. रोग औषधाने, शस्त्रक्रियेने, देवाच्या कृपेने जातो; कधी तो आठ दिवसांत जातो. गेलेले बळ मात्र आठ दिवसांत येत नाही. ते रोज थोडे थोडे कमवावे लागते. जो अशक्त आहे तो अजून आजारीच आहे असे नव्हे, आणि त्याचा विश्वास अशक्त आहे असे तर मुळीच नव्हे.

याईराच्या मुलीची गोष्ट शब्बाथ शाळेतील लहान मुलालाही येते. पण ती शिकवताना आपण शेवटचे वाक्य बहुधा गाळतो. मुलगी उठली, चालू लागली, सर्वांना आश्चर्य वाटले, इथे आपला पाठ संपतो. मार्क व लूक या दोघांनीही पुढची गोष्ट नोंदून ठेवली आहे. तिला काही खायला द्या, असे प्रभूने सांगितले. ज्याने मृत्यूच्या हातून मूल परत आणले त्याला तिच्या पोटातील भूकही एका शब्दाने भागवता आली असती. ते काम त्याने तिच्या आईच्या स्वयंपाकघरासाठी ठेवले. चमत्कार झाला तरी जेवण लागतेच. शिक्षकांनी हे वाक्य गाळू नये अशी आमची विनंती आहे.

एलीयाला कोणता रोग झाला होता असे शास्त्र सांगत नाही. पण तो पुरता गळून गेला होता, इतका की रतामाच्या झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. देवदूताने त्याच्यावर कसे उपचार केले ते पाहावे. उपदेश केला नाही, दोष दिला नाही. झोपू दिले, उठवून भाकर व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. त्यानंतर चालणे, आणि तेही चाळीस दिवसांचे. तू येथे काय करतोस, हा प्रश्न देवाने होरेबास पोचल्यावर विचारला, झुडपाखाली नव्हे. आपल्या भेटींत हा क्रम पुष्कळदा उलटा असतो. मनुष्य खाटेवरून धड उठलेला नसतो आणि या आजारातून देवाने तुम्हाला काय शिकवले, असे आपण विचारून मोकळे होतो.

एपफ्रदीताकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. फिलिप्पै येथील मंडळीने पौलासाठी दिलेली मदत घेऊन हा मनुष्य बंदिवासात असलेल्या पौलाकडे गेला व तेथे मरणाच्या दारापर्यंत आजारी पडला. देवाने त्याच्यावर दया केली, असे पौल लिहितो. हात ठेवताच तो तत्काळ उठला, असे मात्र कोठेही लिहिलेले नाही. उलट, त्याच्या आजाराची बातमी फिलिप्पैस पोचली होती, आणि ती पोचल्याचे ऐकून हा बिचारा कष्टी झाला होता. पत्र रोमेतून लिहिले असे धरले तर दोन्ही गावांत शेकडो मैलांचे अंतर, मध्ये समुद्र. बातमी जायला आणि तिचा परतीचा निरोप यायला त्या काळी कित्येक आठवडे, कदाचित महिने लागले असतील. एवढा काळ हे दुखणे व त्यानंतरचे सावरणे चालले होते. मग प्रवासाचे बळ आल्यावर पौलाने त्याला परत पाठवले, आणि घरच्या मंडळीला लिहिले की त्याला आनंदाने घ्या, अशा माणसांचा मान राखा. काम अर्धे टाकून आला म्हणून कोणी नाक मुरडू नये, याची काळजी पौलाने पत्रातच घेतली आहे.

आता एका वचनाविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. शिमोनाच्या सासूचा ताप गेला व ती लागलीच उठून सर्वांची सेवा करू लागली, हे मार्काच्या पहिल्या अध्यायात आहे. आपल्या घरांतून या वचनाचा फार अन्याय्य उपयोग होतो. घरातील पुरुष इस्पितळातून आला तर महिनाभर त्याला पाण्याचा पेलासुद्धा हातात मिळतो. आई किंवा सून आली तर चौथ्या दिवशी ती ओट्यापाशी उभी असते, व ते पाहून आपण म्हणतो, बाई मोठी कष्टाळू! पेत्राच्या सासूला प्रभूने हात धरून उठवले. ताप गेला आणि त्याच क्षणी बळ आले, हाच तर तेथे चमत्कार आहे. तो आपल्या बहिणींसाठी घातलेला नियम नव्हे. गर्भाशयाची शस्त्रक्रिया झालेली बहीण पंधरा दिवसांत पाण्याची कळशी उचलते, त्यात भक्ती काही नाही. घरच्यांचा आळस आहे. महिला मंडळाने हे वचन एकदा मुद्दाम अभ्यासाला घ्यावे, आणि त्या दिवशी पुरुषांनाही बसवावे.

याच्या अगदी उलट चूकही आपण करतो, ती म्हणजे निजवून ठेवण्याची. "आराम करा, पडून राहा, अजिबात हलू नका," हे प्रेमाचे बोलणे आपल्या आजी-आजोबांच्या काळापासून चालत आले आहे, आणि त्याला तसे कारणही होते. क्षयावर औषध नव्हते तेव्हा स्वच्छ हवा, सकस अन्न व विश्रांती हाच उपचार होता. मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या क्षयरोग आरोग्यधामाचे नाव आपल्या मंडळ्यांत कोणाला माहीत नाही? तेथे महिनोन्महिने पडून राहून बरी झालेली माणसे पुष्कळ घराण्यांत होऊन गेली. पण त्या काळीही सर्वच वैद्य निव्वळ पडून राहा असे म्हणत नव्हते. इंग्लंडात फ्रिम्ली येथील आरोग्यधामात डॉ. मार्कस पॅटरसन यांनी १९०५ सालापासून क्षयरोग्यांना मापून काम द्यायला सुरुवात केली. आधी चालणे, ते झेपले की लहान टोपलीतून थोडे ओझे वाहणे, मग मोठी टोपली, मग फावडे. ताप आला की पुन्हा बिछाना. ज्याला फावड्याचे काम झेपले तो घरी जाऊन आपली मजुरी करू शकेल, हे डोळ्यांनी दिसत असे.

हृदयविकाराचेही तसेच. झटका आलेल्या माणसाने सहा आठवडे खाटेवरून हलू नये असा पूर्वी दंडक होता. अमेरिकेत डॉ. सॅम्युएल लेव्हाइन व डॉ. बर्नार्ड लाऊन यांनी १९५२ साली आपल्या रोग्यांना लवकर उठवून आरामखुर्चीत बसवल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. तीन वर्षांनी, १९५५ च्या सप्टेंबरात, अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना झटका आला. त्यांना पाहणारे डॉ. पॉल डडली व्हाइट स्वतः चालण्याचे व सायकलीचे मोठे पुरस्कर्ते होते. आयसेनहॉवर पुढच्या वर्षी पुन्हा निवडून आले. मग १९६६ साली डॅलस येथे एक प्रयोग झाला तो सर्वांत बोलका आहे. वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे बिछान्यात ठेवले व त्याआधीची व नंतरची ताकद मोजली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले. तेव्हा दिसून आले की, वयाच्या तीस वर्षांनी त्यांची श्रम करण्याची शक्ती जितकी घटली, त्याहून अधिक ती त्या तीन आठवड्यांच्या निजण्याने घटली होती! हे निरोगी तरुणांचे झाले. साठी ओलांडलेल्या माणसाचे न्युमोनियानंतर काय होत असेल ते समजून घ्यावे. न्हाणीघराच्या दारात पाय लटपटतात त्यात अविश्वासाचा काही संबंध नाही. मांडीचे स्नायू झिजलेले असतात, एवढेच.

झिजलेला स्नायू परत कसा येतो, हे आपल्या बडोद्याला शिकवावे लागू नये. दांडिया बाजारातील जुम्मादादा व्यायाम मंदिराचे नाव दूरवर आहे. राजरत्न माणिकराव यांनी तेथे पिढ्या घडवल्या. ते नुसते पहिलवान नव्हते, हाडे बसवण्यात व अंग चोळण्यात त्यांचा हातखंडा होता. डभोईत १८८३ साली जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे १९०७ ते १९१० या काळात त्यांच्या हाताखाली शिकले. हेच पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून प्रसिद्ध झाले, व त्यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापले. त्याआधी, १९२०-२१ च्या सुमारास, त्यांनी बडोद्याच्या इस्पितळातील प्रयोगशाळेत आपल्या विद्यार्थ्यांच्या शरीरावर योगक्रियांचा काय परिणाम होतो हे यंत्रांनी तपासले होते. आपल्यापैकी काहींना योग या शब्दानेच बिचकायला होते. त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. दीर्घ श्वासाचे व्यायाम आज मिशन इस्पितळांतही न्युमोनियाच्या रोग्याला शिकवतात, व ते करताना कोणाचा विश्वास ढळल्याचे आम्ही ऐकलेले नाही. येथे सांगायचे ते इतकेच की, आखाड्यात नव्या मुलाला पहिल्या दिवशी शंभर जोर काढायला लावत नाहीत. आज पाच, चार दिवसांनी सहा. वस्ताद त्याच्या दमाकडे पाहून आकडा वाढवतो. आजारातून उठलेल्यालाही असाच वस्ताद हवा असतो. डॉक्टर व फिजिओथेरपीचे जाणकार ते काम करतात. सयाजीराव रुग्णालयात फिजिओथेरपीचा विभाग आहे, आणि तेथे जाणे हे केवळ हाड मोडलेल्यांचे काम आहे हा आपल्या लोकांतला समज चुकीचा आहे.

घरी करण्याजोगे पुष्कळ असते, पण ते डॉक्टरांना विचारून. बराच काळ पडून राहिलेल्याने एकदम उभे राहू नये; डोके फिरून पडण्याची भीती असते. आधी खाटेच्या कडेला पाय सोडून काही वेळ बसावे, मग आधार धरून उभे राहावे. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे हा मांड्यांसाठी फार चांगला व्यायाम आहे. पहिल्या दिवशी दोनदा जमले तरी पुरे. मग खोलीतल्या खोलीत, मग ओसरीवर, मग गल्लीच्या टोकापर्यंत. किती चालावे याच्या दोन कसोट्या आहेत. चालताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे. प्रभूची प्रार्थना मध्ये धाप न लागता म्हणता येत नसेल तर वेग जास्त आहे. दुसरी कसोटी दुसऱ्या दिवशीची. कालच्या चालण्याने आज उठवत नसेल तर काल जास्त झाले. थोडे कमी करावे, पण बंद करू नये.

आमच्या ओळखीचे रेल्वेतून निवृत्त झालेले एक वडील हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर कमाटीबागेत जात. १८७९ सालची ही बाग, मोठी झाडे, मधून विश्वामित्री वाहते. बसायला बाकेही आहेत. ते अंतर पावलांनी मोजत नसत, बाकांनी मोजत. पहिला आठवडा पहिल्या बाकापर्यंत, दुसरा आठवडा दुसऱ्या. बाकावर बसले की ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांतील एकाचे नाव घेत. पुढे पुढे त्यांना नावे अपुरी पडू लागली, असे ते हसून सांगत. चैत्र-वैशाखात बडोद्याचे ऊन मोठे वाईट. तेव्हा सूर्य वर येण्याआधी परतावे. उत्तरायणाच्या सुमारास मात्र हृदयाच्या व दम्याच्या रोग्याने पहाटेच्या गारठ्यात निघू नये, ऊन अंगावर येऊ द्यावे. पावसाळ्यात चर्चच्या व्हरांड्यात फेऱ्या घालायला कोणाची हरकत असेल असे वाटत नाही.

सर्व आजारांचे माप एक नसते. छाती उघडून शस्त्रक्रिया झाली असेल तर छातीचे हाड सांधायला सहा-आठ आठवडे लागतात. तोवर भरलेली बादली, गॅसचे सिलिंडर, नातवंड यांतले काहीच उचलायचे नाही. अर्धांगवायूच्या माणसाला उठवताना त्याच्या लुळ्या हाताला धरून कधीही ओढू नये, खांदा निसटतो व पुढे कित्येक महिने दुखतो. कमरेला आधार देऊन उठवावे. त्याची सुधारणा पहिल्या काही महिन्यांत वेगाने होते व नंतर मंदावते, पण मंदावली म्हणजे थांबली असे नव्हे. क्षयाच्या रोग्याला दोन महिन्यांत वजन वाढून इतके बरे वाटू लागते की तो गोळ्या सोडतो, आणि तिथेच घात होतो. बळ आले तरी औषधाचा काळ पुरा केलाच पाहिजे. चिकुनगुन्यानंतर सांधे महिनोन्महिने धरतात. कोविडने २०२०-२१ मध्ये आणखी एक गोष्ट शिकवली. काही जणांना त्या आजारानंतर थोड्याशा श्रमानेही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पार गळून जायला होई. अशा माणसाला "उठा, चाला, सवय होईल" म्हणून रेटण्याने अपायच होतो. त्याने बळ उरले असतानाच थांबावे. आणि छातीत दाब, बसल्या जागी धाप, घेरी, एकाच पोटरीला सूज व दुखणे, पुन्हा ताप, यांपैकी काही दिसले तर व्यायाम, प्रार्थनासभा सर्व बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे जावे.

जेवणाविषयी एकच सांगतो. पेज व मऊ भात आजारात ठीक. पण बरे झाल्यावरही महिनाभर पेजच चालू ठेवणाऱ्या प्रेमळ घरांत आम्ही हाडांचे सापळे पाहिले आहेत. स्नायू घडायला डाळ, दूध, अंडी, मासळी लागते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टर सांगतील तितकेच. एकदम जेवत नसेल तर थोडे थोडे चार वेळा द्यावे. देवदूतानेसुद्धा दोन वेळा खाऊ घातले.

इतके सर्व करून मनुष्य पूर्वीसारखा होतो का? येथे आपल्या ओळखीची एक गोष्ट सांगावीशी वाटते. विजय हजारे यांच्यामुळे क्रिकेट बडोद्याच्या ख्रिस्ती घरांत परके राहिलेले नाही. १९६२ च्या मार्च महिन्यात भारताचा संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होता. कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर, जन्म आपल्या शेजारच्या गोध्र्याचा, वय अठ्ठावीस. रणजी सामन्यांतील पदार्पणातच त्यांनी १९५२ साली बडोद्याच्या संघाविरुद्ध दोन्ही डावांत शतके काढली होती. बार्बाडोसच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू त्यांच्या डोक्यावर बसला व कवटी फुटली. तातडीच्या शस्त्रक्रिया झाल्या, कित्येक दिवस ते बेशुद्ध होते. रक्त हवे होते. ते देणाऱ्यांत प्रतिपक्षाचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते. पॉली उम्रीगर व बापू नाडकर्णी होते. आणि चंदू बोर्डे होते. बोर्डे पुण्याच्या मराठी ख्रिस्ती घरातले, व १९५७-५८ साली रणजी करंडक जिंकणाऱ्या बडोद्याच्या संघातले. पुढे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. जेकब चांडी यांनी कॉन्ट्रॅक्टर यांच्या कवटीत धातूची पट्टी बसवली. भारतातील मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला विभाग वेल्लोरला १९४९ साली यांनीच सुरू केला होता. ती पट्टी तब्बल साठ वर्षे राहिली. २०२२ साली ती काढावी लागली.

कॉन्ट्रॅक्टर पुन्हा मैदानावर उतरले. वेगवान चेंडूसमोर पुन्हा उभे राहिले, आणि १९७०-७१ पर्यंत प्रथम श्रेणीचे सामने खेळले. पण कसोटी सामना त्यांना पुन्हा मिळाला नाही. एकतीस कसोट्यांवर तो आकडा थांबला. मग ते बरे झाले म्हणावे की नाही? पूर्वीची जागा मिळाली नाही एवढ्याकडेच जो पाहील तो नाही म्हणेल. मरणाच्या दारातून आलेला मनुष्य आठ-नऊ वर्षे फलंदाजी करतो, हे जो पाहील तो काय म्हणेल? याकोब पनीएलहून निघाला तेव्हा आशीर्वाद घेऊन निघाला व लंगडतही निघाला (उत्पत्ती ३२). दोन्ही एकाच सकाळी, एकाच माणसाच्या ठिकाणी. आपल्या उपकारस्तुतीत लंगडणाऱ्याला आपले लंगडणे झाकावे लागू नये. प्रभूने मला वाचवले आहे आणि मला अजून जिना चढवत नाही, अशी साक्ष कोणी दिली तर तिला आमेन म्हणायला मंडळीने शिकले पाहिजे.

मनाचेही असेच लंगडणे असते. हृदयाच्या झटक्यानंतर, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पुष्कळांना उदासी येते. झोप लागत नाही, उगाच रडू येते, रात्री छातीवर हात ठेवून ठोके मोजत बसतात. हा आजाराचाच भाग आहे व डॉक्टरांना सांगण्याजोगा आहे. अशा माणसापुढे ईयोबाचे धैर्य वाचून दाखवण्याआधी त्याच्या सोबत बाकापर्यंत चालून यावे.

मंडळीने काय करावे हे पौलाने फिलिप्पैकरांना थोडक्यात सांगितले. आपल्याला ते थोडे उघड करून सांगावे लागेल. भेट पंधरा मिनिटांची असावी. आठ जणांनी एकदम जाऊन तासभर बसायचे, आणि दमलेल्या घरधनिणीने आठ कप चहा करायचा, याला भेट म्हणता येत नाही. नेण्याजोगे असेल तर डबा न्यावा. परत आलेल्या शिक्षकाला पहिल्याच रविवारी पूर्ण वर्ग देऊ नये, आणि काढूनही टाकू नये. बसून एक गोष्ट सांगायला द्यावी. वडीलवर्गात नेमके उलट होते. एकतर त्या बंधूची जागा सहा महिन्यांत भरून टाकतात, नाहीतर नाताळच्या सगळ्या कामाची वही पहिल्याच दिवशी त्याच्या हातात देतात. प्रभुभोजनाच्या वेळी ज्याला उभे राहवत नाही त्याच्याकडे पाळकांनी जावे, त्याने पुढे येण्याची वाट पाहू नये.

सर्वांत कठीण गोष्ट पैशाची आहे. पगारी रजा असणाऱ्याला बाके मोजता येतात. रोजंदारीवर गवंडीकाम करणाऱ्या बंधूला, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बहिणीला सावरण्याचा काळ मिळतच नाही. टाके सुकले की कामावर. मग पुन्हा दुखणे. इस्पितळाच्या बिलासाठी मंडळी वर्गणी काढते, आणि ते योग्यच आहे. पण बिल फिटल्यावर जे दोन महिने येतात त्यांच्यासाठी काढलेली वर्गणी आम्ही क्वचितच पाहिली आहे. एपफ्रदीत प्रवासाला निघेपर्यंत कोणीतरी त्याला जेवू घातलेच असेल. पौल तर बेड्यांत होता. तेथील स्थानिक मंडळीनेच ते केले असावे, असे आम्हाला वाटते. गरीब फंडातून डाळ, तेल, दूध व घरभाडे यांसाठी ठरावीक दोन महिने रक्कम देण्याचा ठराव वडीलवर्गाला करता येईल. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. नाताळच्या जेवणावर होणारा खर्च एकदा शेजारी मांडून पाहावा.

वर्गासाठी : लहान मुलांना याईराच्या मुलीची गोष्ट सांगून, ती पहिल्या दिवशी काय जेवली असेल याचे चित्र काढायला द्यावे. मोठ्या वर्गाने फिलिप्पैकरांस पत्रातील उतारा वाचून, एपफ्रदीत घरी पोचल्यावर पहिल्या रविवारी त्या मंडळीत काय घडले असेल, कोणी कोणते प्रश्न विचारले असतील, हे आपापसांत बोलावे. आणि तरुण संघाकडे एक काम द्यावे. गेल्या सहा महिन्यांत आपल्या मंडळीतील कोण कोण इस्पितळातून घरी आले व त्यांपैकी कोण अजून उपासनेला येऊ लागलेले नाहीत, याची यादी करावी. मग आपल्या चर्चला एकंदर किती पायऱ्या आहेत, त्यांना कठडा आहे की नाही, आणि फाटकापासून पहिल्या बाकापर्यंत मध्ये बसायला कोठे जागा आहे, हे प्रत्यक्ष जाऊन मोजून आणावे.